न आलेल्यांचा वाटा

तीन वर्षं आईनं प्रभुभोजन, म्हणजे चर्चमध्ये सगळ्यांनी मिळून खायची प्रभू येशूच्या आठवणीची भाकर, घेतलं नव्हतं. खुब्याचं हाड मोडल्यापासून तेरहून धाराशिवच्या चर्चला जाणं तिला जमेना. पाळकसाहेब घरी यायला तयार होते, पण आईचा हेका एकच. "एकटीनं खायाला ते काय औषध हाय? पंगत पायजे." मी चिडायचे, ती बधायची नाही. आत मात्र झुरत होती, ते मला दिसायचं.

प्राचीन उपासनेवरचं एक पुस्तक मी एसटीत उघडलं ते निव्वळ वेळ जावा म्हणून. आणि एका पानावर उडालेच! सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांना ना चर्चची इमारत, ना बाकं. कुणाच्या तरी घरी जमायचं, शास्त्र वाचायचं, प्रार्थना करायची, एकमेकांना शांतीचं चुंबन द्यायचं, भाकर मोडायची. आणि जे आले नाहीत त्यांचा वाटा सेवकांच्या हाती घरी पाठवायचा. त्याच भाकरीतला! म्हणजे लग्नात अंथरुणावरच्या म्हाताऱ्याला आपण ताट वाढून पाठवतो, तेच की! पंगत एकच, फक्त एक पान लांब मांडलेलं. मी शेजारच्या अनोळखी बाईलाही हे सांगून टाकलं. तिनं आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली.

पाळकसाहेबांना फोनवर दम न घेता सगळं ऐकवलं. ते हसले. "अहो, हे आम्हाला शिकवलं होतं. आपण कधी केलं नाही, एवढंच."

पुढच्या प्रभुभोजनाला त्यांनी सगळ्यांसमोर भाकरीचा एक तुकडा स्वच्छ रुमालात बांधून माझ्या हातात दिला. परतीच्या एसटीत मी तो रुमाल क्षणभरही खाली ठेवला नाही. इतका आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

आई इस्त्रीचं लुगडं नेसून खाटेवर बसली होती. तिनं तुकडा तळहातावर घेतला, कपाळाला लावला.

"न आलेल्या समद्यांना धाडत व्हते का?"

"हो, सगळ्यांना."

"मग तुझ्या काकूचा कुठाय?"

काकू तीन घरं सोडून राहते. आईनं एकदा साऱ्या मंडळीसमोर तिला ढोंगी म्हटलं, तेव्हापासून तिनं चर्चची पायरी चढलेली नाही. माझ्या एवढ्या उड्या, पण काकू मला आठवलीही नव्हती. मला लाज वाटली.

आईनं तुकड्याचे दोन भाग केले. "आदी हे तिला दे. म्हणावं, म्या चुकले. तिनं खाल्लं की मंग मी."

मी जवळजवळ पळतच गेले. काकूनं दार उघडलं, निरोप ऐकला, माझ्या हातातल्या रुमालाकडं पाहिलं.

"तिनं खाल्लं न्हाय अजून?"

"नाही. तुमच्यासाठी थांबलीय."

"मग माझं घरी कशाला आणलंस? माझे पाय धड हायत की," काकू म्हणाली, आणि चपला शोधू लागली.