कॉर्क ओकला घातलेलं पाणी

आमच्या कॉलनीतला कॉर्क ओक एवढा जाड होता की त्याला प्रदक्षिणा घालायला निघालेला माणूस परत येईपर्यंत त्याची दाढी वाढलेली असायची. बाटलीचं बूच ज्याच्या सालीतून निघतं ते हे झाड. इथे आमच्या सॅक्रमेंटोच्या बाजूला अशी झाडं तुरळक, पण पोर्तुगालकडे त्यांची जंगलंच्या जंगलं लोक पिढ्यान्‌पिढ्या जपून वापरतात. साल अलगद सोलायची, झाड तसंच उभं, नऊएक वर्षांनी नवी साल तयार. कोंबडी न कापता अंडी खाण्यातलाच प्रकार. आमच्या झाडाची साल कुणी सोलत नव्हतं. ते पार्किंगच्या आड येत होतं आणि कॉलनीच्या असोसिएशनला ते कापायला निमित्त हवं होतं.

ते मिळू नये म्हणून मी त्यांच्या मीटिंगमध्ये उभा राहिलो आणि सांगितलं, आमच्या घराण्याने तीन पिढ्या जंगल सांभाळलंय, आजोबांना तर वाघ रस्ता विचारायचे. आजोबा नागपुरात पोस्टमन होते. वाघाचं एखादं पत्र त्यांनी टाकलं असेल तर मला कल्पना नाही. पण कमिटीने माना डोलावल्या आणि झाड माझ्या हवाली केलं. दर मे महिन्यात येणारा झाडांचा डॉक्टर त्या वर्षी कॅन्सल केला. घरचा जाणकार असताना बाहेरचा कशाला?

जूनमध्ये नागपूरहून आई आली. निवृत्त शिक्षिका, वय बहात्तर. तिकडे आमच्या वस्तीत विहारासमोर बोधिवृक्षाचं रोप लावलं होतं, ते तिने नागपूरच्या उन्हाळ्यात बादल्या वाहून जगवलेलं. नागपूरचा उन्हाळा म्हणजे कावळेसुद्धा सावलीसाठी नंबर लावतात. इथलंही ऊन तिला तसंच वाटलं. सकाळी मी ऑफिसच्या कॉलवर बसलो की ती बादली घेऊन निघायची. एक नाही, सहा बादल्या. मी खिडकीतून बघायचो आणि कॉलवरच्यांना कौतुकाने सांगायचो, ती बघा माझी आई. झाडाला पाणी घालण्यात वाईट काय असणार?

ऑगस्टमध्ये पानं पिवळी पडली. आईने बादल्या वाढवल्या. पानं गळायला लागली तेव्हा मी नळाला पाईपच लावून दिला.

मग बुंध्यातून काळा चिकट रस झिरपू लागला आणि मी गुपचूप त्या डॉक्टरला बोलावलं. उंच, सावकाश बोलणारा माणूस. त्याने बुंध्याजवळची मूठभर माती उचलून दाबली. बोटांमधून पाणी आलं.

"उन्हाळ्यात याला पाणी कोण देतंय?"

"मी," मी म्हणालो.

"खोटं काहून बोलून राहिला?" आई मला म्हणाली. मग त्याच्याकडे वळून, वर्गात बोलावं तशा इंग्रजीत, "मी दिलं. रोज. ते तहानेने मरत होतं."

तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. "याच्या मूळ प्रदेशात उन्हाळ्यात पाऊस नसतो, मॅडम. तहान याला सोसते. गरम, ओली माती सोसत नाही. मुळं कुजली आहेत."

"आता?" आईने विचारलं.

"बुंध्याभोवतीची माती काढा, सुकू द्या. दहा दिवसांनी येतो. सालीखाली जिवंत दिसलं तर असोसिएशनला तसं लिहीन. नाहीतर कापायला सांगावं लागेल. खाली मुलं खेळतात."

त्या दहा दिवसांत आम्ही एवढी माती काढली की तिच्यात नागपूरचं अख्खं सीताबर्डी गाडलं गेलं असतं. फावडं मुळांना लागेल म्हणून आई उलथन्याने उकरायची. मी घरातून एक्स्टेन्शन कॉर्ड ओढली, दोन टेबलफॅन आणले आणि मुळांवर वारा सोडला.

वॉकला निघालेल्या, कॉलनीतल्या पुण्याच्या काकू थांबल्या. "काय हो, झाडालाही उकडतंय?"

"एसी ऑर्डर केलाय, काकू."

आई हसली नाही. जेवणही तिने जवळजवळ सोडलं होतं. "तिकडे एक जगवलं," ती म्हणायची, "आणि इकडे," आणि उलथनं पुन्हा हातात घ्यायची. चौथ्या दिवशी न राहवून मी तिला मीटिंगमधल्या वाघांची आणि त्यापायी कॅन्सल झालेल्या डॉक्टरची गोष्ट सांगितली. तिने उलथनं खाली ठेवलं.

"म्हणजे तू थाप मारली नसती तर हा माणूस मेमध्येच झाड बघून सांगून गेला असता, उन्हाळ्यात याला पाणी देऊ नका म्हणून."

"हो."

ती पुन्हा उकरू लागली. मीही.

दहाव्या दिवशी डॉक्टरने चाकूने तीन बाजूंना साल थोडी थोडी उघडली. तिन्हीकडे आत तपकिरी, मेलेलं. चौथ्या बाजूला, आमच्या घराकडे, चार बोटं रुंदीची ओली फिकट पट्टी निघाली.

"जिवंत आहे," आई म्हणाली.

"एवढी आहे. एवढ्यावर एवढं मोठं झाड बहुतेक जगत नाही."

मी त्या बहुतेकला धरून बसलो. म्हटलं, अर्धं जिवंत लिहा. झाडासाठी दोनच वर्षांची मुदत मागा. कमिटीतलं कुणी सालीखाली बघायला येणार नाही. साहेब, मी तुमच्या पाया पडतो. मी खरंच वाकलो, आणि तो दचकून मागे सरला.

"मी पाहिलं ते लिहितो," तो म्हणाला. "तीन बाजू मेल्या, एक जिवंत."

तो गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहायला लागला. ऊन त्या उघड्या पट्टीवर येत होतं. आई झाडाला टेकून बसली आणि तिने तिथे तळहात दाबून धरला. म्हटलं, आई, चल आत. ती हात काढेना.