मशीनला दिसेल तेवढीच डिस्क

मला कप्पे करायची भारी हौस. स्वयंपाकघरातले डबे कसेही पडलेले असोत, माझ्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क मात्र शिस्तीत. सी ड्राइव्हमध्ये फक्त विंडोज, डीमध्ये ऑफिसचं, ईमध्ये फोटो आणि शेवटी लिनक्ससाठी राखलेला एक तुकडा. त्या तुकड्यात मी सणासुदीलासुद्धा फिरकत नाही, पण तो आहे याचं समाधान मोठं. नवऱ्याचं सगळं विश्व डेस्कटॉपवर सांडलेलं. त्याच्या मते माझी डिस्क म्हणजे चाळ आहे, मी तिची मालकीण, आणि भाडेकरू कुणी टिकत नाही. तो काही का म्हणेना, विंडोज बिघडलं की तोंड पाडून माझ्याकडेच येतो.

माझं हे कौतुक मैसूरमधल्या आमच्या बोगादीच्या गल्लीत पसरलं असावं. एका रविवारी सकाळी दोन घरं सोडून राहणाऱ्या काकू मुठीत पेनड्राइव्ह घेऊन दारात उभ्या राहिल्या. काकूंचं माहेर-सासर दोन्ही मैसूरचं, कित्येक पिढ्यांचं, शिवणकामातलं. गल्लीतल्या बायकांची ब्लाउजं त्यांच्याकडेच, माझीही. त्यांच्या मराठीत अर्धं कन्नड, दर वाक्याला 'गोत्ता', म्हणजे 'ठाऊक आहे का', आणि माझ्या मराठीत अर्धं इंग्रजी, त्यामुळे आमचं छान जमतं.

"अग, आमच्या मशीनला ही दिसंनाच, गोत्ता? स्वल्प बघ की," काकू म्हणाल्या.

चहा घेता घेता सगळं प्रकरण कळलं. जुन्या गावात त्यांच्या समाजाचं विठ्ठलाचं देऊळ आहे. कार्तिकी एकादशीला देवाच्या अंगावर जो शेला चढतो, तो आळीपाळीने एकेका घरातून जातो, आणि यंदाचा मान काकूंच्या घराचा होता. आजवर त्यांच्या घरचा शेला काका हाताने भरायचे, किनारीपासून मधल्या तुळशीपर्यंत. पण अलीकडे काकांचा हात थरथरतो. सुईत दोरा ओवायलाही काकू लागतात. त्या संध्याकाळी देवळात बैठक होती, आणि आमच्या घरचा मान आता कायमचा दुसऱ्या कुणाला द्या, असं तिथे सांगून यायचं काकांनी ठरवून टाकलं होतं.

काकूंना ते अजिबात मान्य नव्हतं. त्यांनी मेटगळ्ळीच्या एका वर्कशॉपमधून जुनं एम्ब्रॉयडरीचं मशीन आणलं. काकांनी पूर्वी कागदावर काढलेली नक्षी तिथल्याच माणसाकडून कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. किनार, वेल आणि तुळस, अशा तीन फाइली त्याने फोनवर पाठवल्या. मशीनबरोबर आलेली चिमुकली पेनड्राइव्ह मात्र काकूंच्या रुमालासोबत वॉशिंग मशीनमध्ये जाऊन आली आणि मेली. म्हणून ही नवी, चौसष्ट जीबीची. मशीन संध्याकाळच्या आत चाललं तर घरचा मान राहणार होता, नाहीतर गेला.

एवढं ऐकल्यावर माझ्या अंगात वारं संचारलं. पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये होती. मी ती झटक्यात पुसून एनटीएफएस केली, कारण माझे सगळे कप्पे एनटीएफएस आहेत आणि मला जे आवडतं ते जगाला आवडावं अशी माझी रास्त अपेक्षा असते. तिन्ही फाइली घातल्या. काकू घरी जाऊन परत आल्या. मशीनच्या पडद्यावर काहीच नव्हतं.

मग फॅट थर्टीटू करायला गेले, तर एवढ्या मोठ्या पेनड्राइव्हसाठी विंडोजच्या यादीत तो पर्यायच येईना. काकूंनी शांतपणे विचारलं, फाइल सिस्टम म्हणजे असतं तरी काय. मी म्हटलं, तुम्ही कापलेल्या ब्लाउजांच्या गुंडाळ्यांना चिठ्ठ्या लावता ना, कुणाचं कुठलं ते कळायला, तसंच. फाइल कुठे ठेवली त्याच्या चिठ्ठ्या लिहायची पद्धत. तुमच्या मशीनला फक्त एका जुन्या पद्धतीच्या चिठ्ठ्या वाचता येतात. काकूंना ते लगेच पटलं. मशीन त्यांच्या सासूबाईंसारखंच निघालं म्हणाल्या.

शेवटी मी एरवी कधीच करत नाही ते केलं, म्हणजे मशीनचं माहितीपुस्तक शोधून वाचलं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की दोन जीबीपर्यंतच चालेल, आणि तेही साध्या जुन्या फॅटमध्ये. मग डिस्क मॅनेजमेंट उघडलं. पडद्यावर माझी आख्खी चाळ ओळीने उभी, आणि सगळ्यात खाली बिचारी पेनड्राइव्ह. इथे चुकीच्या ओळीवर डिलीट दाबलं की आपल्या लग्नाचे फोटोही गेले आणि नवऱ्यासमोरची ऐटही. तो चहाचा कप घेऊन मागे येऊन उभाच होता, आणि त्याने मला जास्तच घाम फुटला. डिस्कचा नंबर मी मोठ्याने वाचला, काकूंनी माझ्यामागून वाचला, आणि मग दाबलं. पेनड्राइव्ह रिकामी झाली. तिच्यात सुरुवातीला दोन जीबीला जरा कमीच असा एक तुकडा पाडला, त्याला फॅट दिलं, फाइली घातल्या. उरलेली सगळी जागा तशीच सोडून दिली.

या वेळी मीही काकूंबरोबर गेले. काका बाहेरच्या खोलीत आमच्याकडे पाठ करून कन्नड पेपर वाचत बसले होते. आम्ही आलो तरी त्यांनी मान वळवली नाही. मी पेनड्राइव्ह लावली. पडदा जरा वेळ कोरा राहिला आणि मग त्यावर किनार, वेल, तुळस, तिन्ही चित्रं उमटली. मी जवळजवळ नाचलेच. काकूंनी मशीनला हात लावून नमस्कार केला आणि लगेच विचारलं, उरलेली एवढी मोठी जागा वाया गेली का. मी सांगितलं, वाया नाही, ती आहे तिथेच आहे. मशीनला पेलत नाही म्हणून त्याच्यापुढे ठेवली नाही. त्याला झेपेल तेवढाच तुकडा त्याला दिला.

काकांनी पेपर खाली ठेवला.

"मग मलापण तसंच दे की, पोरी. किनार, वेल मशीन करूंदे. तुळस तेवढी काढ त्यातनं. ती मला झेपंल, अल्वा?"

शेवटचा 'हो ना?' मला नव्हता, काकूंना होता. काकूंनी माझ्याकडे बघून मान डोलावली. मी पेनड्राइव्ह घरी आणली, तुळशीची फाइल पुसली आणि परत नेऊन दिली. संध्याकाळी काका बैठकीला गेले, आणि शेला आमच्याकडूनच येईल, एवढंच सांगून आले म्हणे.

पुढचे कितीतरी दिवस ऑफिसला निघताना मला काका दिसायचे. दाराशी उन्हात खुर्ची, मांडीवर शेला, आणि काकू दोरा ओवून देतायत. कधी हात फारच थरथरला तर ते सुई ठेवून नुसते बसून राहायचे. मग पुन्हा घ्यायचे.

एकादशीला मी देवळात गेले. गर्दी भरपूर होती. देवाच्या अंगावर तो शेला होता. किनार आणि वेल अगदी सरळ, पट्टीने आखल्यासारखी. शेजारच्या बायका मशीनच्या कामाची तारीफ करत होत्या, किती सफाई, एक टाका इकडचा तिकडे नाही. एरवी मशीनचं कौतुक ऐकलं की काकू फुलतात. त्या दिवशी त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांनी माझा दंड धरला, मला गर्दीतून पुढे ओढलं आणि कानाशी येऊन म्हणाल्या,

"मधली ती वाकडी पानं बघितलीस? ती आमच्या ह्यांची."