डाळ शिजेल तिथे घर

दुकानाला ओटा असला की गिऱ्हाइकं कमी आणि किस्से जास्त जमतात. माझ्या कापडदुकानाच्या ओट्यावर जागांचे दलाल बापूराव आणि गफूरभाई गवंडी रोज बसायचे. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. अनसिंगला मोटारीतून उतरून, पुढे बैलगाडीनं हाडं खिळखिळी करून लोक पैनगंगेकाठच्या आमच्या गावात जागा बघायला येत. आणि बापूराव त्यांना जागेआधी नदी दाखवत.

अकोल्याच्या एका वकिलांनी विचारलं, "गाव किती जुनं?"

"नदीहून दोन दिसानं लहान," बापूराव म्हणाले.

"पूर येतो?"

"येते ना. पण घाटाच्या पायरीवर थांबते. बोलावल्याबिगर वर येत नाही."

वकिलांनी जागा घेतली. पुढे पूर आला आणि खरंच पायरीवर थांबला. नदीनंही त्या माणसाचा शब्द राखला!

*

त्याच वकिलांच्या घराचा पाया खणताना हातभर रुंदीच्या जुन्या विटा लागल्या. गफूरभाईंनी कुदळ बाजूला ठेवली आणि त्याच विटांवर भिंत चढवायचं ठरवलं.

वकील घाबरले. "कुण्या राजाचा वाडा असेल हो!"

"असू द्या," गफूरभाई म्हणाले. "राजा भाडं मागाले आला, तं मले बोलवा."

*

आमच्याकडे जागा घेण्याआधी तिथल्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजवून बघायचा रिवाज. जड पाण्यात डाळ शिजत नाही. हे काम बापूरावांच्या बायकोचं, गोदाकाकूंचं. जऊळक्याच्या एका मास्तरांनी मात्र हट्टानं स्वतः डाळ चढवली. दुपार कलली तरी दाणे टणक.

"पाणी वाईट आहे," मास्तर म्हणाले.

काकूंनी भांड्यात डोकावून पाहिलं. "पाण्याले कायले नावं ठेवता? चिंच आधीच टाकली तुमी. आता हे डाळ दिवाळीपावतर शिजत नाही."

*

काकू स्वतः मात्र भाड्याच्या अंधाऱ्या खोलीत राहत. एकदा ओट्यासमोर उभ्या राहून त्या नवऱ्याला म्हणाल्या, "उभं गाव नदीकाठी बसवलं तुमी, अन् मी भिंतीकडे पाहून राह्यली."

बापूराव खाली मान घालून म्हणाले, "दलालानंच चांगली जागा ठेवून घेतली, तं लोक भरवसा ठेवतीन का? गिऱ्हाइकानं सोडलेलीच जागा मी घेईन."

त्यांचा हा नियम मला फार आवडायचा. काकूंना तो कसा वाटत असेल, हे मी कधी विचारलं नाही.

*

पुढे तुकाराम माळ्यानं घाटावरचा तुकडा विकायला काढला. लिंबाची सावली, दारात नदी. गावातली सगळ्यात देखणी जागा. पहिलं गिऱ्हाईक आलं, काकूंनी डाळ चढवली. शिजली नाही. दुसरं आलं, शिजली नाही. तिसऱ्यानं तर दाणा चावून पाहिला आणि बैलगाडी जुंपायला सांगितली.

तुकाराम चक्रावला. "माह्या घरी तं याच पाण्यात वरण होते. बापूराव, आता तुमीच घ्या. भाव तोच."

बापूरावांनी घेतली. गफूरभाईंनी घर बांधलं. वास्तुशांतीच्या पंगतीत त्याच विहिरीच्या पाण्याचं वरण होतं, लोण्यासारखं मऊ. गफूरभाईंचा हात भातावरच थांबला.

"वहिनी, आज डाळ कशी काय शिजली?"

काकू वरणाचं भांडं घेऊन पुढच्या पानाकडे वळल्या. "आज चिंच नंतर टाकली."