डोक्याला डाय, हातात भूत

आमच्या पार्लरमध्ये बाई केस काळे करून घेते आणि चेहरा पांढरा करून बाहेर पडते, असं लोक म्हणतात. त्यातल्या चेहऱ्याचं श्रेय माझ्या आत्याचं. पार्लरमध्ये खुर्च्या दोनच. आतली तिची, दाराजवळची माझी. मी भुवया कोरते, ती केस बघते. आणि ज्या फळीवर इतर पार्लरवाल्या शाम्पूच्या बाटल्या मांडतात, त्या फळीवर आत्यानं भुतंखेतं मांडून ठेवली आहेत. झाडून सगळी पुस्तकं भयकथांची, आणि बहुतेकांच्या पानांवर डायचे डाग.

तिची पद्धत अशी. डाय लावला की तो मुरेपर्यंत बाई कुठे जाऊ शकत नाही. डोक्यावर प्लास्टिकची टोपी, गळ्यात जुना टॉवेल. त्या अवतारात रस्त्यावर पळण्यापेक्षा भूत परवडलं. आत्या नेमकी तेव्हाच हातात पुस्तक ठेवते. केस धुवायची वेळ होते तेव्हा बाई गोष्टीतल्या अंधाऱ्या माळ्यावर चढलेली असते आणि म्हणते, "थांबा हो, एवढं पान होऊ दे." मग पुस्तक तिच्या पिशवीतून घरी जातं.

"धंद्याची युक्ती आहे ही," आत्या म्हणते. थाप आहे. वीजमीटर बघायला येणाऱ्या माणसाच्या डोक्यावर एक केस नाही, त्यालाही ती पुस्तकं देते. त्यात कसला आलाय धंदा?

कुणाला काय द्यायचं हे ती केसांत हात घालता घालता ठरवते. "तुला बंद खोली चालेल. विहीर नको, तू आधीच काळजी करणारी." रक्ताच्या गोष्टींना ती नाक मुरडते. म्हणते, रक्त खाटकाकडेही मिळतं, त्यासाठी वाचायला कशाला पाहिजे? आणि पहिल्याच पानावर भूत दिसलं तर पुस्तक मिटून ठेवते. इतक्या लवकर आलेल्या भुताला थोड्या वेळानं चहा विचारावासा वाटतो म्हणे. मला मात्र कुठलंच भूत चालत नाही. तिच्या कृपेनं मी वाळलेले टॉवेल आणायलाही गच्चीवर एकटी जात नाही. या वयात शोभत नाही, पण नाही जात.

आमच्या गिऱ्हाइकांत एक मेडिकलवाली आहे. म्हणजे कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. चाळिशीची, एकटी राहणारी, मोजकं बोलणारी. दर महिन्याला न चुकता यायची, पण मध्ये बरेच दिवस फिरकली नाही. आली तेव्हा भांगात पांढऱ्या केसांचा पट्टा दिसत होता.

"कुठे उंडारत होतीस गं?" आत्यानं विचारलं.

"गावाला गेले होते, काकू."

"मजा आहे बाई एकेकीची!" असं म्हणत आत्यानं डाय लावला आणि फळीवरचं तिचं लाडकं पुस्तक काढून दिलं. त्यात मेलेली आई घरी परत येते. स्वयंपाकघरात भांडी वाजतात, दाराशी चपला दिसतात. शेवटी मुलगी धीर करून तिला निरोप देते. मेडिकलवालीनं थोडं वाचलं, पुस्तक पिशवीत टाकलं आणि गेली. नंतर आलीच नाही.

पुढे मी मलम आणायला गेले, तेव्हा ती काउंटरवर नव्हती. मी सहज चौकशी केली. मालक म्हणाले, "पुन्हा सुट्टीवर आहे. आई वारली ना तिची. त्यासाठीच तर गावाला गेली होती मागे."

मी परत येऊन आत्याला सांगितलं. तिच्या हातातला कंगवा तसाच राहिला. "आणि मी तिला मजा आहे म्हणाले," एवढंच ती बोलली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. माझाही जीव तुटत होता.

दुसऱ्या दिवशी फळीवर शाम्पूच्या बाटल्या आल्या. डाय लावलेल्या बायकांच्या हातात विणकामाची मासिकं पडू लागली. एक म्हणाली, "अहो, या स्वेटरच्या टाक्यांनी मला जास्त भीती वाटतेय." आत्या हसलीसुद्धा नाही. कुणी कितीही गळ घातली तरी तिनं कानाला खडा लावला होता. रक्तदाबाच्या गोळ्या आणायलाही ती पार पलीकडच्या चौकात जाऊ लागली. मेडिकलवालीला तोंड कसं दाखवायचं, हा एकच घोर तिला लागला होता.

आणि एका दुपारी तीच दारात उभी. पुस्तक छातीशी धरलेलं. आत्यानं टॉवेल घडी करायला घेतला. घडी झालेलाच होता तो.

"अगं, मला माहीत नव्हतं गं," आत्या म्हणाली. "माहीत असतं तर हे पुस्तक तुझ्या हातात दिलं असतं का? चुकलं माझं."

"मी दोनदा वाचलं," ती म्हणाली. "शेवटचं प्रकरण सोडून. काकू, असं आणखी एखादं आहे का? ज्यात आई येते, पण शेवटी जात नाही?"

आत्या पडद्यामागे गेली. तिथे सगळी पुस्तकं खोक्यात भरून ठेवली होती. बराच वेळ खुडबुड ऐकू आली. मग ती रिकाम्या हातांनी बाहेर आली.

"नाही गं. सगळ्यांत जातातच."

मेडिकलवालीनं मान डोलावली आणि पुस्तक परत करायला हात पुढे केला. आत्यानं ते घेतलंच नाही. तिला आपल्या खुर्चीत बसवलं, माझी खुर्ची ओढून स्वतः समोर बसली आणि विचारलं, "कशी होती गं तुझी आई?"

तिनं पुस्तक मांडीवर ठेवलं. मग एकदम म्हणाली, "विचित्र होती. फोन स्वतः लावायची आणि वर मलाच विचारायची, बोल, काय काम आहे?" आणि ती हसली. इतक्या वर्षांत मी तिचे दात पहिल्यांदा पाहिले.

त्यानंतर ती थांबलीच नाही. आई शेजारणीशी का भांडली, गाताना कशी हमखास बेसूर व्हायची, दवाखान्यात नर्सलाच कशी दटावायची. मध्येच रडली, नाक पुसलं आणि पुढे सांगू लागली. डाय लावायचं कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही.

निघताना ती दाराशी घुटमळली. "पुढच्या वेळी पण विचाराल ना आईचं?" ती म्हणाली. "दुकानात सगळे वाईट झालं म्हणतात आणि गोळ्या मागतात. कशी होती ते कुणीच विचारत नाही."

आत्या टॉवेलनं डोळे पुसत होती. मग मीच म्हटलं, "या हो ताई. विचारू."