मैनेची मच्छरदाणी

एका म्हशीला माश्यांपासून वाचवण्यासाठी मी दोन दिवसांत घरातला पंखा, नवी कोरी मच्छरदाणी आणि विज्ञानाचा शिक्षक म्हणून तीस वर्षं जपलेली अब्रू घालवली. म्हशीचं काही गेलं नाही.

वर्षावासातल्या पौर्णिमेला बुद्धविहारात खीरदान करायची पाळी आमची होती. खीर आपल्याच म्हशीच्या, मैनेच्या दुधाची, असं आमच्या सौभाग्यवती कांताबाईंनी अख्ख्या गावाला सांगून ठेवलेलं. त्यात कांता दोन दिवसांसाठी सुलतानपूरला बहिणीकडे निघाली.

"दुपारी मैनाले डबक्यावर सोडत जा. अन् माह्या मागं तिले काही शिकवू नका!"

आता, रिटायर झालेल्या शिक्षकाला असं सांगणं म्हणजे आमंत्रणच! मैनेच्या अंगावर चिखलाचा बोटभर थर होता. म्हटलं, खिरीचं दूध देणारी म्हैस अशी? मी तिला शाम्पू लावून खसाखसा धुतलं (शाम्पू कांताचा, महागातला) आणि डबक्यावर सोडणं बंद केलं. मैना काळीभोर चमकायला लागली. ही बातमी पंचक्रोशीतल्या गोमाश्यांना कुणी दिली कोण जाणे, पण संध्याकाळपर्यंत सगळ्या हजर!

मैना शेपूट आपटू लागली, लाथा झाडू लागली. मी बादली घेऊन बसलो, तर तिने पान्हाच चोरला. वर शेपटीचा एक फटका माझ्या चष्म्याला. शेजारचे सुखदेवदादा कुंपणावरून बघत होते.

"गुरुजी, तिले डबक्यात लोळू द्या ना! काऊन छळून राह्यले?"

"दादा, माशीचं जीवनचक्र मी तीस वर्षं शिकवलंय."

"हाव, पण माशीनं ते वाचलं हाय का?"

मी दुर्लक्ष केलं. गोठ्यात टेबलफॅन लावला. मैनेने तो पहिल्याच लाथेत बंद केला. दुसऱ्या दिवशीही दूध नाही. पौर्णिमेचा दिवस उजाडला. दूध पिशवीतलंही मिळालं असतं, पण कांताने शब्द दिला होता मैनेचा. तो माझ्यामुळे मोडणार होता!

मग मी शेवटचा उपाय काढला. डबलबेडची मच्छरदाणी मैनेवर चढवली, पोटाखालून सुतळीने घट्ट शिवली. गुलाबी जाळीत मैना नवरीसारखी दिसत होती. फक्त एक बारीकशी चूक झाली. दहा-बारा माश्या आतच राहिल्या!

मैनेने जो हंबरडा फोडला! दावं सुटू नये म्हणून मी ते मनगटाला गुंडाळलं होतं (हीसुद्धा माझीच हुशारी). दावं सुटलं नाही. खुंटाच उखडला. पुढे गुलाबी म्हैस, मागे मी, अशी वरात विहारासमोरून निघाली. तांदूळ निवडणाऱ्या बाया उठून उभ्या राहिल्या. नेमकी तेव्हाच ऑटोतून कांता उतरली.

"अवं मा! माही मच्छरदानी!"

(नवरा तिला नंतर दिसला.)

मैना थेट डबक्यात शिरली. मीही शिरलो, पर्याय नव्हता. ती एकदा या कुशीवर, एकदा त्या कुशीवर लोळली, मच्छरदाणीच्या चिंध्या झाल्या आणि अंगावर चिखल चढला. एकही माशी जवळ येईना. माझ्याही! तीस वर्षांत वाचलं नव्हतं ते मला गळ्यापर्यंत चिखलात बसल्यावर कळलं.

तासाभराने कांताने मैनेच्या पाठीवर हात फिरवला, फक्त कास धुतली आणि बसली. बादली फेसाने भरली. माझा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी विहारात खीर मिटक्या मारत संपली. वाढताना कांता प्रत्येकीला सांगत होती, "मैनाचीच हाय बरं!" माझ्याबद्दल कुणी काही विचारलं नाही, कारण सगळ्यांनी पाहिलंच होतं.

आता कांता बहिणीकडे निघाली की सूचना मला देत नाही. कुंपणापाशी जाऊन सुखदेवदादांना सांगते, "दादा, दुपारी दोघालेबी डबक्यावर सोडजा!"