ठिपक्यांमधलं अंतर

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंबाजोगाईत, माझ्या क्लासमध्ये, एका मुलीकडून पियानोच्या पुस्तकातल्या सुरांची नावं म्हणून घेत होते. फोन ठेवला आणि तिला म्हटलं, "नावं राहू दे..." नावांच्या मागे लागू नये, हे मला शिकवणारा माणूसच गेला होता.

अण्णा माझे धाकटे चुलते. नांदूरघाटजवळच्या आमच्या वस्तीवर मेंढरं राखायची आणि गावच्या भजनात पेटी वाजवायची, एवढंच त्यांचं जग. काकू म्हणायची, "माझा नंबर तिसरा." साठीनंतर त्यांचे कान गेले. आधी मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा गेल्या, मग टाळ, शेवटी गाणाऱ्याचा सूर. एक दिवस त्यांनी स्वतःच पेटी फडक्यात बांधून ठेवली. मला म्हणाले, "बहिरा झालो त्येचं काय न्हाई गं, पन पेटी सुटल्यावर जगू कसा?" मला रडूच आलं.

डोळे तर शाबूत होते. पुढच्या खेपेला मी पियानोचं पुस्तक नेलं. पट्ट्या काय, पेटीच्याही तशाच. पाच ओळी, ओळींवर आणि मधल्या जागांत ठिपके. मी वहीवर एकेका ठिपक्याचं नाव लिहून दाखवू लागले. अण्णा वैतागले. "नावं कावून पाठ करायची? मागच्यापून किती चढला, किती उतरला, तेवढं बघावं की!" ओळीवरून शेजारच्या जागेत गेला तर लगतचा सूर, ओळीवरून ओळीवर गेला तर मधला एक सोडायचा. तासाभरात पेटीवर बोटं चालू लागली.

पण सुरुवातच चुकली होती. पुस्तकात पहिली पट्टी ठरलेली, आणि यांनी आपलं बोट खुशाल एका काळ्या पट्टीवर ठेवलेलं. मी हात धरला. "आमच्यात सा ज्याच्या त्याच्या गळ्याचा," ते म्हणाले. "अंतर चुकलं का, तेवढं सांग." मी ऐकत राहिले... एकही अंतर चुकलं नव्हतं. जन्मात न ऐकलेली परक्या मुलखातली चाल, काठी धरून राठ झालेली बोटं, कानांत ठार शांतता, आणि सूर मात्र जागच्या जागी! इतकी वर्षं शिकवते म्हणवणारी मी, त्या दिवशी पहिल्यांदा शिकले. माझ्या तोंडाकडे बघून अण्णांनी विचारलं, "आलं व्हय?"

तेराव्यानंतर काकूनं त्यांची वही हातात दिली. शेवटच्या पानावर पेन्सिलीनं आखलेल्या पाच ओळी आणि मोजून नऊ ठिपके. वर काही लिहिलेलं नाही. मी पेटी काढली आणि अंतरं बघत वाजवलं... खालून एकदम उंच उडी, तिथंच थांबणं, मग पायरीपायरीनं उतरणं. काकू कणकेच्या हातानं दारात येऊन उभी राहिली.

"ही तर माझी हाळी हाय. मेंढरं माघारी बोलवायची," ती म्हणाली. "सात वरसं झाली, त्यांना ऐकूच येत न्हवतं गं..."

काकूला त्या ओळी वाचता येत नाहीत. पण आता मेंढरं माघारी बोलवायच्या वेळी ती आधी वही उघडून बघते, आणि मग हाळी देते.