सरजाबाईंनी उकडलेला पास्ता

वालूरात लग्न ठरलं की मुलीकडचे आधी सरजाबाईंना गाठायचे, मग मंडपवाल्याला. पाटावरच्या शेवया कराव्यात तर त्यांनीच. पीठ तासभर तिंबायच्या, आणि शेवई सुटायची ती केसाएवढी. सावलीत काठ्यांवर वाळवायच्या; उन्हात वाळवणाऱ्या बायकांना त्या उतावळ्या म्हणायच्या. मी त्यांची शेजारीण, अंगणवाडीत काम करते. माझ्या शेवयांना त्यांनी चारचौघींत दोरखंड म्हटलं होतं. पुढे सहा महिने मी त्यांच्याशी बोलले नाही.

फेब्रुवारीत त्यांचा एकुलता एक मुलगा बजरंग सेलूच्या रस्त्यावर मोटारसायकलच्या अपघातात गेला. दुखवट्याच्या वर्षी घरात शेवया करत नाहीत. पाट भिंतीला लागला. सरजाबाई रडल्या नाहीत, कुणाशी भांडल्याही नाहीत. ताट समोर आलं की चार घास गिळायच्या आणि हात धुवायच्या. त्यांचं बोलणं मला झोंबायचं, पण ही गप्प बाई त्याहून बघवत नव्हती.

गेल्या रविवारी नात भक्तीने पास्ता मागितला. बाप गेल्यापासून पोरीने काही मागितलं नव्हतं, म्हणून सून रेणुकाने लगेच पाकीट आणलं आणि मला हाक मारली. मी मोबाइलवर बघून शहाणी झालेली. म्हटलं, पाण्यात तेल घाल, म्हणजे चिकटत नाही. पाणी बेताचंच ठेव, गॅस वाचतो. मीठ नंतर मसाल्यात. चांगला मऊ होऊ दे आणि मग गार पाण्याने खळखळून धू. रेणुकाने सगळं ऐकलं, तिथेच घोळ झाला. खालचा बुडाला लागला, वरचा लगदा झाला. मसाला ताटलीत एकीकडे, पास्ता दुसरीकडे. भक्तीने दोन घास खाल्ले आणि ताटली सरकवली.

उंबऱ्याशी बसलेल्या सरजाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. पातेल्यात डोकावल्या.

"तेल कुणी घालायला सांगितलं?"

रेणुकाने माझ्याकडे बघितलं, तशा सरजाबाई माझ्याकडे वळल्या.

"गीते, शेवया उकडताना घालतीस का तेल? ते नुसतं वर तरंगायलंय. पाणी लय पायजे, आन् हलवीत राहावं लागतंय."

अर्धं पाकीट उरलं होतं. त्यांनी मोठं पातेलं चढवलं. पाण्याला खळखळून उकळी आल्यावर मीठ टाकलं, मग पास्ता. थोड्या वेळाने एक नळी काढून दाताने तोडली आणि मधला पांढरा, कच्चा कण बघितला. "आता उतरीव. राहिलेला मसाल्यात शिजंल." रेणुकाने तो चाळणीवर ओतला. मी सवयीने तांब्या उचलला.

"धू नको. अंगचं पीठ गेल्यावर मसाला कशाला धरील?"

चाळणीखाली साचलेलं थोडं पाणी त्यांनी मसाल्यात घातलं. आवाजात राग नव्हता, प्रेमही नव्हतं. एसटी स्टँडवर गाड्या पुकारतात तसं बोलत होत्या.

या खेपेला भक्ती ताटली पुसून खायला लागली. "आज्जी, सेलूला पप्पा खायचे ना, तसाच झालाय."

रेणुकाचा हात थांबला.

"कवा खायचा?" सरजाबाईंनी विचारलं.

"बाजारच्या दिवशी," रेणुका खाली बघत म्हणाली. "आमी तिघं जायचो तवा. लय आवडायचा त्यांला. तुमाला सांगू नको म्हणले, आत्याबाई. माय शेवया करती, तिला वाईट वाटंल म्हणले."

बाजारच्या दिवशी बजरंग घरी येऊन भूक नाही म्हणायचा. सरजाबाई त्याचं ताट झाकून ठेवायच्या आणि सकाळी म्हशीपुढे टाकायच्या. सुनेने कान भरले, पोराला आता आईच्या हातचं गोड लागत नाही, असं त्या मला किती वेळा म्हणाल्या होत्या. रेणुकाशी दोन वर्षं त्या धड बोलल्या नाहीत, ते त्याच ताटांपायी. मला ते सगळं आठवलं आणि कुठे बघावं कळेना.

त्यांनी भक्तीच्या ताटलीतली एक नळी उचलून तोंडात टाकली. बराच वेळ चावत राहिल्या.

"मीठ बराबर हाय का गं? मला कळंना."

"हाय, आत्याबाई."

त्यांनी मान हलवली. मग रेणुकासमोर खाली बसल्या आणि तिच्याकडे बघत म्हणाल्या, "सांगायचं ना गं मला. मी दिला असता की त्याला करून."